बाबांच्या ट्रंका रद्दीत देऊ नकोस

पत्र :

काका, नमस्कार. माझे बाबा लातूर जिल्ह्यात ३३ वर्षं राजकीय पत्रकार होते. १९९० साली तालुक्याचे वार्ताहर म्हणून लागले, पुढे एका दैनिकाचे जिल्हा प्रतिनिधी झाले. दोन वर्षांपूर्वी पेपरने जिल्हा कार्यालय आवरतं घेतलं आणि बाबा घरी बसले. आता ते ६२ वर्षांचे आहेत. सकाळी चार पेपर घेऊन बसतात, लाल पेनाने चुका काढतात आणि घडी घालून ठेवून देतात. पूर्वी जेवताना दहा वेळा फोनसाठी उठायचे. आता फोन वाजत नाही, तर रेंज आहे ना म्हणून मोबाईल हातात घेऊन बघतात. आई म्हणते, 'तीस वर्षं घरात नव्हते, आता घरात आहेत तर बोलत नाहीत.'

दोन गोष्टी अचानक समोर आल्यात. एका स्थानिक नेत्याच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ निघणार आहे, त्याचं संपादन बाबांनी करावं आणि पुढे नेत्याचं प्रसिद्धीचं कामही बघावं, असा निरोप आलाय. पैसे चांगले आहेत. शिवाय घराला रंग द्यायचाय, पुढच्या आठवड्यात रंगारी येणार, म्हणून आई बाबांच्या दोन लोखंडी ट्रंका आणि माळ्यावरची पोती रद्दीत काढायला निघालीय. मी गेल्या रविवारी माळा काढला तेव्हा किल्लारीच्या भूकंपाच्या दिवसाची त्यांची वही मिळाली. पेन्सिलीने लिहिलेली गावांची नावं, समोर आकडे, खोडलेले आणि पुन्हा लिहिलेले. बाबांना दाखवली तर म्हणाले, 'ठेव तिथंच.'

त्यांना पुण्याला माझ्याकडे घेऊन येऊ का? गौरवग्रंथाचं काम घ्या म्हणू का? त्यांना कशात तरी गुंतवायला हवं ना?

– एक वाचक, पुणे

उत्तर :

आधी घाईचं सांगतो. आजच आईला फोन कर आणि ट्रंका-पोत्यांना हात लावू नको म्हणून सांग. रंग होईपर्यंत एका खोलीच्या मधोमध, खाली फळ्या टाकून, वरून जुनी चादर घालून ठेवू देत. बाकीचं सावकाश बोलू. तुला एकेरीत लिहितोय. तुझ्या बाबांहून मी नऊ वर्षांनी मोठा आहे, त्यांच्याच धंद्यातला, मंत्रालय आणि विधानभवनात उमेदीची ३६ वर्षं घालवलेला. तेव्हा चालेल असं धरतो.

फोन वाजत नाही याचं दुःख बाहेरच्याला कळत नाही. मी नोकरीत होतो तेव्हा दिवाळीच्या आठवड्यात घरी मिठाईचे, सुक्यामेव्याचे डबे यायचे, आणि बायको ते वॉचमन, कामवाल्या मावशी, शेजारीपाजारी यांच्यात वाटून टाकायची. निवृत्त झालो त्या वर्षी तीन डबे आले. एक चुलत भावाचा, एक विधानभवनातल्या एका जुन्या शिपायाचा, आणि तिसरा एका पडलेल्या आमदाराचा, ज्याच्याविरुद्ध मी कधीकाळी सलग चार दिवस बातम्या दिल्या होत्या. त्या तिसऱ्या डब्यापुढे मी बराच वेळ बसून होतो.

राजकारणातला माणूस पत्रकाराला फोन करतो तेव्हा त्याला उद्याच्या अंकातली जागा हवी असते, किंवा उद्याच्या अंकात काय येणार आहे ते आजच कळायला हवं असतं. पेपर सुटला की ते फोन पुढच्या प्रतिनिधीकडे जातात. बाबांना हे कळत नसेल असं समजू नकोस, आपल्या सगळ्यांपेक्षा त्यांना ते जास्त कळतं. पण ३३ वर्षं ज्या कानांना सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत घंटी ऐकायची सवय, त्यांना ती शांतता सोसवत नाही. मला दीड वर्ष लागलं. लाल पेनाने पेपर तपासणं चालू द्या, त्याला हसू नका. रोज हात चालवण्याची त्यांची ती पद्धत आहे.

आता ट्रंकांकडे येतो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतंय.

तुझ्या बाबांनी कोणत्या जिल्ह्यात बसून काय पाहिलंय याचा तू विचार केलायस का? लातूर हा जिल्हाच १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. बाबा कामाला लागले तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ त्याचं सगळं वय त्यांच्या डोळ्यांसमोर गेलं. निलंगा आणि बाभळगाव, एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांनी राज्याला मुख्यमंत्री दिले. त्यातले विलासराव देशमुख मार्च १९९५ च्या मतमोजणीत घरच्या लातुरात शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून हरले आणि १९९९ मध्ये त्याच लातुरातून निवडून येऊन थेट मुख्यमंत्री झाले. २००४ मध्ये शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेला रूपाताई पाटील निलंगेकरांकडून पडले, आणि तरीही काही दिवसांत देशाचे गृहमंत्री म्हणून शपथ घेताना लोकांनी त्यांना पाहिलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. याचे निकाल, तारखा, आकडे कुठेही मिळतील. १९९५ च्या त्या दिवशी मतमोजणीच्या मंडपाबाहेर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर कोण गप्प झालं, कोणाची गाडी मागच्या रस्त्याने निघून गेली, पाण्याच्या रेल्वेचं स्वागत करायला कोणाकोणात ओढाताण चालली होती, हे त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसाकडेच असतं. अंकात त्यातलं शंभरातलं दहा छापून येतं. उरलेलं नव्वद त्या पोत्यांत आहे आणि बाबांच्या डोक्यात आहे.

आणि ती किल्लारीची वही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपासची वेळ, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. पुढे सरकारी कागदांत मृतांचा आकडा स्थिर झाला आणि आपण 'सुमारे दहा हजार' म्हणून मोकळे झालो. तुझ्या हातात जी वही आली तिच्यात तो आकडा अजून स्थिर झालेला नाही. सकाळी कुणीतरी सांगितलेला आकडा लिहिला, दुपारी दुसऱ्या गावाहून आलेल्या माणसाने वेगळा सांगितला, तो खोडला, संध्याकाळी पुन्हा लिहिला. तिशीतला एक पोरगा ढिगाऱ्यांच्या मधून चालताना पेन्सिलीने मोजत होता, आणि मोजणी हाताबाहेर जात होती. 'ठेव तिथंच' असं ते म्हणाले यात मला नवल वाटत नाही. त्या दिवसाबद्दल ते घरी कधी बोलले नसतील. आमच्यात तशी पद्धतच नव्हती. बातमी पाठवली की दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी.

म्हणून त्या वहीपासून सुरुवात करू नकोस. ती सगळ्यात शेवटी.

गौरवग्रंथाचं माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नये. का ते माझ्याच अनुभवावरून सांगतो. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मी एका नेत्याच्या गौरवग्रंथाचं संपादन केलं. नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. मुलीचं लग्न व्हायचं होतं आणि पैशाची गरज होती. त्या नेत्याच्या साखर कारखान्यात ऊसबिलं थकली होती, शेतकरी दोन हंगाम हेलपाटे घालत होते, आणि ती बातमी मी स्वतः, माझ्या नावाने दिली होती. गौरवग्रंथात 'सहकाराचा शिल्पकार' नावाचा लेख आला आणि थकलेल्या बिलांचा त्यात उल्लेखही नव्हता. तो लेख मी तपासून छापायला सोडला. सहा-सात वर्षांनी एक पीएचडी करणारा मुलगा घरी आला. हातात तोच ग्रंथ. म्हणाला, 'सर, त्या काळातल्या कारखान्यांवर तुमचं हे एकच पुस्तक मिळालं, बाकी काहीच मिळत नाही.' मी माझी जुनी बातमी शोधायला बसलो. घर बदलताना कात्रणं गेली होती. पेपरच्या कचेरीत त्या वर्षाची फाईल सापडली नाही. त्या मुलासमोर मी जे खरं होतं ते तोंडी सांगितलं, त्याने ते वहीत लिहून घेतलं, पण प्रबंधात संदर्भ म्हणून टाकायला त्याला छापील कागद हवा होता, आणि छापील कागद माझ्याच संपादनाचा होता.

तो दिवस आठवला की अजून झोप लागत नाही. तुझ्या बाबांवर तो येऊ नये.

प्रसिद्धीच्या कामाबद्दलही थोडं सांगायला हवं. ते काम कमी दर्जाचं आहे असं मी म्हणणार नाही. पोटासाठी कितीतरी चांगल्या माणसांनी ते केलंय आणि प्रामाणिकपणे केलंय. पण जुन्या पत्रकाराला ते काम का देतात हे तू समजून घे. प्रेसनोट तर पंचविशीतला पोरगाही लिहितो. बाबांकडून हवी असते ती त्यांची भीड. ज्या पोरांना त्यांनी बातमी लिहायला शिकवलं, त्यांना फोन करून 'जरा सांभाळून घे रे' म्हणायचं, हे त्या पगारात धरलेलं असतं. पहिल्या सहा महिन्यांत असा एक तरी फोन करावाच लागतो. बाबांना तो करता येईल का, हे तुलाच कळेल, तू त्यांना ओळखतेस. नकार मात्र त्यांनी स्वतः द्यावा, तू मध्ये पडू नकोस.

पैशाची खरी ओढ असेल तर एक सरळ वाट बघ. राज्य सरकारची आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना आहे. दरमहा ११ हजार मिळायचे, ते २० हजार केलेत. वयाची आणि सेवेच्या वर्षांची अट आहे, ती वेळोवेळी बदलते, तेव्हा जिल्हा माहिती कार्यालयात जाऊन आजची अट विचारून घे. अर्जासोबत इतक्या वर्षांच्या कामाचे पुरावे लागतात. इथेच जिल्ह्याचे पत्रकार अडकतात. तालुक्याच्या वार्ताहराला नेमणूकपत्र कोण देत होतं? मग जुनं ओळखपत्र, अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेचं कार्ड), मानधनाच्या पावत्या, नावानिशी छापून आलेली कात्रणं, हेच पुरावे. ते सगळे कुठे आहेत? आई रद्दीत काढायला निघालेल्या त्या ट्रंकांत.

आता बाबांच्या कामाचं. 'आठवणी लिहा' असं त्यांना म्हणू नकोस. कोऱ्या कागदासमोर राजकीय पत्रकार बसूच शकत नाही, त्याला प्रश्न लागतो आणि वेळ लागते. तू प्रश्न विचार, आणि नेमका विचार. 'निवडणुका कशा असायच्या' हा प्रश्न नव्हे. 'बातमीचं पाकीट संध्याकाळी कितीच्या एसटीने जायचं, आणि कंडक्टरने ते घ्यायला नकार दिला तर काय करायचात?' हा प्रश्न. माझ्या माहितीतल्या प्रत्येक जिल्हा प्रतिनिधीकडे त्या पाकिटांची एक तरी गोष्ट आहे. स्टँडवर उभं राहून, सुटत्या गाडीच्या खिडकीतून पाकीट आत टाकून, उद्या पहिल्या पानावर येतं की नाही म्हणून रात्रभर जागलेली ही पिढी आहे. एसटीवरून ते फॅक्सवर येतील, फॅक्सवरून माणसांवर. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव, आणि ते चालू आहे हे त्यांना सांग. रविवारी एक तास पुरे. त्याहून जास्त ताणू नकोस.

कागदांत आधी फॅक्सचे कागद वेगळे काढ. तो गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद असतो ना, त्याच्यावरची अक्षरं उन्हाने-उष्णतेने उडून जातात. १९९० च्या दशकातले फॅक्स आज अर्धे पांढरे झाले असतील. आहे ते आजच फोनने टिपून घे आणि साध्या कागदावर प्रत काढ. टाचण्या, स्टेपलच्या पिना हलक्या हाताने काढ, गंज कागद खातो. लॅमिनेशन करू नकोस. वर्षाप्रमाणे पुठ्ठ्याच्या खोक्यांत लावून बाहेरून मोठ्या अक्षरात साल लिही. वाचत बसलीस तर काम कधीच संपणार नाही, आधी फक्त लाव.

एक गोष्ट बाबांना विचारल्याशिवाय करू नकोस. वह्यांत 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणून लिहिलेलं बरंच असेल. कोणा तहसीलदाराने, जिल्हा बँकेतल्या कोणा कारकुनाने, पक्षातल्याच कोणा कार्यकर्त्याने जिवावर उदार होऊन सांगितलेलं. त्यातली माणसं हयात असतील, त्यांची मुलं नोकरीत असतील. कोणतं पान कधी उघडायचं हे फक्त बाबा ठरवू शकतात. अशी पानं वेगळ्या पाकिटात घालून वर त्यांच्या हातानेच सूचना लिहून घे. वह्यांचे फोटो भावाबहिणींच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, कितीही कौतुक वाटलं तरी.

'पेपरमध्ये छापलेलं पेपरच्या मालकीचं, आपण पुस्तक कसं काढणार?' असं बाबा म्हणतील. मीही वर्षानुवर्षं हेच समजत होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुरावर पेपरच्या मालकाचा हक्क असतो तो नियतकालिकात छापण्यापुरता. वेगळा करार केलेला नसेल तर पुस्तकासह बाकी हक्क लेखकाकडेच राहतात. फोटो दुसऱ्याचे असतील तर ज्याने काढले त्याला विचारायचं.

आणि पुस्तक निघालंच पाहिजे असंही नाही. नीट लावलेली, सूची केलेली दहा खोकी लातुरातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली, किंवा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या माध्यमशास्त्र विभागात गेली, तरी त्या पीएचडीच्या मुलासारखा पुढचा मुलगा रिकाम्या हाताने परत जाणार नाही. मराठवाड्याला याची परंपरा आहे. अनंतराव भालेराव हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात लढले, मग 'मराठवाडा' दैनिकाचं संपादन केलं, आणि त्या संग्रामाचा इतिहासही लिहून ठेवला. मराठवाड्याबाहेरचे गोविंदराव तळवलकर १९९६ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स'मधून निवृत्त झाले, अमेरिकेत राहायला गेले, आणि २०१७ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी जाईपर्यंत लिहीत होते. ते संपादक होते, मोठे होते, हे खरं. पण निवृत्तीनंतरची एकवीस वर्षं लिहिण्याची असतात हे त्यांनी दाखवलं, आणि तुझे बाबा फक्त ६२ वर्षांचे आहेत.

तुझ्या पत्रात जे नाही त्याबद्दलही लिहितो, कारण ते असणार असं मला वाटतं. बाबांच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत जिल्हा प्रतिनिधीचं काम बदललं. वाढदिवसाच्या पुरवण्या आल्या, जाहिरातींचं टार्गेट आलं. सकाळी ज्या नेत्याविरुद्ध बातमी द्यायची, संध्याकाळी त्याच्याकडेच अर्ध्या पानाची जाहिरात मागायला जायचं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत 'पॅकेज' हा शब्द उघड झाला, म्हणजे उमेदवाराकडून पैसे घेऊन त्याचा प्रचार बातमी म्हणून छापायचा. पत्रकार पी. साईनाथांनी त्यावर लिहिलं, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने चौकशी केली. पण दिल्लीतल्या अहवालात जिल्ह्याच्या प्रतिनिधीचं मन कुठून येणार? त्याला वरून सांगितलेलं असायचं, आणि खालून गाव बघत असायचं. काहींनी त्यात हात धुऊन घेतले. पुष्कळ जण मान खाली घालून निभावत राहिले, पोरांच्या फिया भरत राहिले. बाबा यातल्या कोणत्या बाजूला होते हे मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नसेल. बाबा बोलत नाहीत त्याचं कारण फोन बंद झाल्यापेक्षा हे असू शकतं. स्वतःहून विचारू नकोस. रविवारचे ते तास होत राहिले तर एखाद्या दिवशी ते आपणहून सांगतील. त्या वेळी न्याय करायला बसू नकोस, 'तुम्ही असं का केलंत' म्हणू नकोस. ऐक, आणि त्यांनी परवानगी दिली तर तेही लिहून ठेव. राजकीय पत्रकारितेचा तो भाग कोणीच लिहीत नाही, आणि तो लिहिल्याशिवाय बाकीचं खरं वाटत नाही.

पुण्याला आत्ता आणू नकोस. पुण्यातल्या आठव्या मजल्यावर त्यांना कोण ओळखणार? लातुरात गांधी चौकापर्यंत चालत गेले तरी चार माणसं 'काय साहेब, यंदा काय होईल?' विचारतात. ती चार माणसं त्यांना हवीत. आठ-पंधरा दिवसांसाठी जरूर आण, नातवंडांत रमू देत. घर हलवायचं ते पुढे बघू.

राहिली आई. तिचं वाक्य वाचून मला माझी बायको आठवली. तुझ्या आईला या कामात घे. मदतनीस म्हणून नव्हे, तिचं स्वतःचं काम म्हणून. मोबाईल यायच्या आधी, बाबा दौऱ्यावर असताना, घरचा फोन कोण उचलत होतं? कोणत्या आमदाराच्या माणसाने रात्री अकराला कसल्या आवाजात निरोप दिला, धमकीचा फोन आला तेव्हा पोरांना कुठल्या खोलीत नेऊन झोपवलं, हे तिला माहीत आहे, बाबांना नाही. आमच्या घरी असे निरोप कालनिर्णयच्या पानांच्या मागे लिहिलेले असायचे, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. तुमच्याकडेही ट्रंकेत जुनी कालनिर्णय निघतील बघ, बहुतेक घरांत निघतात. निघाली तर ती आधी आईसमोर ठेव आणि विचार, हे अक्षर कोणाचं?